अंधारात चुटक्या वाजवणारी पाकोळी

जयपूरच्या मुरलीपुऱ्यात चैत्र सरता सरता एखाद्या संध्याकाळी आंधी येते. आधी वीज जाते, मग सीकर रोडकडची बाजू तांबडीपिवळी होऊन दिसेनाशी होते, आणि दातांखाली वाळू कचकचायला लागली की समजायचं, गच्चीचं दार लावून खाली जायची वेळ झाली. परवा अशीच आली. सूनबाईंनी खिडक्या लावल्या आणि मी माझा कंदील काढला. वेंगुर्ल्याची मास्तरकी संपवून मुलाकडे राहायला आलो, तेव्हा हा कंदील मी जुन्या धोतरात गुंडाळून आणला होता. सामान उघडताना सगळी मंडळी पोट धरधरून हसली होती. आता वीज गेली की आधी तोच शोधतात.

कंदील लागला तशी दोन्ही नातवंडं येऊन बसली. धाकट्याचा प्रश्न तयारच होता. आंधीच्या आधी गच्चीवरून काळ्या काळ्या पाकोळ्या चिरचिरत, अगदी डोक्याला वारा लागेल इतक्या खालून गेल्या होत्या, त्या त्याने पाहिल्या होत्या. "आजोबा, त्या तारेवर का नाही बसल्या? कबुतरं तर बसतात."

आता हा प्रश्न साधा नाही हं. भल्याभल्यांना तो पडत नाही. पाकोळी तारेवर बसत नाही, कारण तिला बसताच येत नाही. कावळ्याची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं, म्हणून तो फांदी मुठीत धरतो. पाकोळीचे पाय म्हणजे चार आकडे असलेली चिमुकली खुंटी, भिंतीला लटकायच्या कामाची. शास्त्रज्ञांनी तिच्या जातीला जे ग्रीक नाव दिलं त्याचा अर्थच मुळी 'बिनपायाची'. उडता उडता खायचं, उडता उडता पाणी प्यायचं, उडता उडता डुलकीही काढायची. युरोपातल्या तिच्या एका बहिणीच्या पाठीवर स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या मंडळींनी चिमुकली यंत्रं बसवली आणि २०१६ साली सांगितलं, की काही पाकोळ्या वर्षातले दहा महिने जमिनीला टेकतच नाहीत. मला हे वाचून माझ्या एका चुलत्याची आठवण झाली, तेही घरी टेकत नसत. पण ती गोष्ट वेगळी, आणि तुमच्या आजीसमोर सांगण्यासारखी नाही.

मग घरटं कशाचं बांधणार? जमिनीवर उतरायचं नाही, काडी उचलायची नाही. इथल्या जुन्या शहरात किंवा आमेरला गेलात तर छतांखाली पिसांचे आणि गवताच्या तुसांचे गोळे चिकटलेले दिसतात. हवेतून तरंगत आलेलं पीस चोचीत पकडायचं आणि भिंतीला चिकटवायचं. चिकटवायचं कशाने? थुंकीने.

"शी!" थोरली म्हणाली.

शी काय शी! थांब, अजून खरी गंमत पुढेच आहे. ह्या थुंकीच्या घराची एक नामांकित कारागीर मी आपल्या वेंगुर्ल्याच्या समुद्रात पाहिली आहे.

वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे. कागदोपत्री त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, पोर्तुगीज त्यांना 'जळकी बेटं' म्हणत. किनाऱ्यावरून पाहिलं तर कुणीतरी करपलेल्या भाकरीचे तुकडे पाण्यात टाकल्यासारखे दिसतात. रात्री तिथल्या दीपगृहाचा डोळा मिचकतो. लहानपणी मला वाटे तिथे राक्षस राहतो. मोठेपणी कळलं, तिथे पाकोळ्या राहतात.

चाळीसेक वर्षं झाली असतील. असाच चैत्र होता, काजूला बोंडं लागलेली, करवंदं अजून हिरवी. निवतीच्या एका तांडेलाचा मुलगा माझ्या वर्गात होता आणि गणितात कच्चा होता. मी त्याला सुट्टीत शिकवलं, त्याबद्दल बापाने मला पैशांऐवजी एक दिवस होडी दिली. पहाटे निघालो. निवतीच्या कड्याखालून जाताना खडकाच्या टोकावर एक काळपट समुद्रबगळा ध्यान लावून उभा होता आणि वर, कड्याच्या कडेला, एका वठलेल्या झाडावर समुद्रगरुड. पोट दुधासारखं पांढरं, पाठ राखाडी, आणि बसण्यात असा रुबाब, की निवतीचा किल्ला त्याच्याच आजोबांनी बांधलाय. तो उठला, सावकाश चार पंख मारून पाण्यावर उतरला आणि वर आला तेव्हा पंजात लांबलचक समुद्रसाप वळवळत होता. तांडेल म्हणाला, हा आमचा भाऊबंदच, आमच्या आधी मासे बघतो. ह्या गरुडाचं घरटं म्हणजे काटक्यांचा हारा. दरवर्षी त्याच घरट्यावर नव्या काटक्या रचायच्या, मग काही वर्षांनी ते एवढं वाढतं की आंब्याच्या फांदीलाच ओझं व्हावं.

पण आम्हाला जायचं होतं त्या घराचं वजन दोन-चार चिमट्यांएवढं.

खडकांजवळ गेल्यावर कळलं, की लांबून भाकरीचा तुकडा दिसणारं हे प्रकरण जवळून भिंतीसारखं उभं आहे. बंदर नाही, धक्का नाही. लाट होडीला वर उचलते आणि खाली सोडते, तेवढ्यात काय ते उतरायचं. तांडेल म्हणाला, "मास्तरानू, लाट वर इली काय उडी मारूची, खाली गेल्यार नाय." मी मास्तर असल्यामुळे आधी नीट विचार केला, विचार करेपर्यंत लाट खाली गेली, आणि मी उडी मारली. गुडघ्याची ही खूण पाहा. अजून आहे.

खडकात एक खोल घळ होती. तोंडाशी उजेड, लाटांचा धुमाकूळ, आणि काळ्या तपकिरी पाकोळ्यांची आत-बाहेर नुसती झुंबड. चिमणीहून लहान, चपट्या चोचीच्या, कोयत्यासारखे पंख. ह्यांना भारतीय पाकोळी म्हणतात. आत सरकत गेलो तसा उजेड मागे राहिला, वास वाढला, पायाखाली शीट गिळगिळीत. शेवटी इतका काळोख झाला की माझा हात मला दिसेना. आणि त्या काळोखात, पोरांनो, माझ्या कानाशेजारून पाकोळ्या जात होत्या, एकही मला आपटत नव्हती, आणि सगळीकडून आवाज येत होता: टक्-टक्, टक्-टक्-टक्, कुणीतरी फणीच्या दातांवरून नख फिरवावं तसा.

मी विजेरी न लावताच उभा राहिलो. मनात म्हटलं, ह्या बोलतायत काय? त्या बोलत नव्हत्या. त्या पाहत होत्या, आवाजाने.

आपल्या वेंगुर्ल्याच्या घरामागच्या आडात तुम्ही ओरडायचात आठवतं? आड उत्तर द्यायचा. आवाज एका सेकंदात साधारण तीनशे चाळीस मीटर धावतो. समोर सतरा मीटरवर भिंत असेल, तर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. भिंत जवळ असेल तर आणखी कमी. पाकोळी चुटकी वाजवते, परत आलेली चुटकी ऐकते आणि तेवढ्यावरून भिंत किती लांब आहे ते ओळखून वळते. भिंत जवळ आली की चुटक्या भराभर. वटवाघळंही हेच करतात, पण त्यांचा आवाज आपल्या कानाच्या पट्टीच्या वर असतो, म्हणून आपल्याला ती मुकी वाटतात. पाकोळीची चुटकी मात्र आपल्याला ऐकू येते. आणखी एक फरक आहे. वटवाघूळ आवाजाने किडाही टिपतं. पाकोळी किडे टिपते दिवसाउजेडी, डोळ्यांनी, आणि चुटक्या ठेवते फक्त घरी यायच्या वाटेसाठी. ऑफिसातून आलेला माणूस कसा जिन्यात दिवा न लावता किल्ली चाचपतो, तशी.

सगळ्या पक्ष्यांच्या राज्यात ही विद्या येते ती फक्त काही पाकोळ्यांना आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका तेलकट पक्ष्याला. त्याला तिथे ग्वाचारो म्हणतात. हुम्बोल्ट नावाचा जर्मन प्रवासी १७९९ साली व्हेनेझुएलातल्या त्यांच्या गुहेत शिरला आणि हजारो पक्ष्यांचा कल्लोळ ऐकून चकित झाला, पण ते अंधारात कसे उडतात हे कोडं तसंच राहिलं. पुढे दीडशे वर्षांनी ग्रिफिन नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ त्याच मुलखात गेला. त्याने काय करावं? पक्ष्यांच्या कानात कापूस कोंबला आणि त्यांना अंधाऱ्या खोलीत सोडलं. ते बिचारे भिंतीवर आपटायला लागले. कापूस काढला, की पुन्हा सरळ. ग्रिफिनने हे छापलं १९५३ साली. आपल्या शाळेत कुणी असा प्रयोग केला असता तर मी त्याच्याच कानाला हात घातला असता, पण कापूस मोठा गुणाचा निघाला हे खरं.

हां, तर घरटी. मी विजेरी लावली. ओल्या खडकाला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, अर्ध्या बशीएवढी वाटी चिकटलेली. हात न लावता नाक जवळ नेऊन पाहिली. कडेला पिसं आणि गवताचे धागे रुतलेले, आणि खडकाला जिथे जोड होता तिथे पांढुरकं, चकाकतं, वाळलेल्या डिंकासारखं काहीतरी, त्यात एकावर एक बारीक धागे. शेवया वाळत घालाव्यात ना, तसे. आत दोन पांढरी अंडी. विणीच्या दिवसांत पाकोळीच्या जिभेखालच्या ग्रंथी फुगतात, ती भिंतीला लटकून लाळेचा धागा डावीउजवीकडे ओढत जाते, तो वाळला की त्यावर दुसरा. असं कित्येक दिवस.

आणि ह्या शेवयांपायीच बिचारीचा घात झाला. चीनमध्ये ह्या जातीच्या घरट्यांचं सार करून पितात. आग्नेय आशियातल्या एका पाकोळीचं घरटं निव्वळ लाळेचं, त्याला मोल फार. लालसर घरटं सापडलं तर व्यापारी सांगतात, लाळ संपल्यावर पक्षिणीने रक्त ओकलं. सगळी थाप! तो रंग रक्ताचा नसतोच, गुहेतल्या दमट हवेत घरट्यात होणाऱ्या रासायनिक फेरफाराचा असतो. आपल्या पाकोळीच्या घरट्यात पिसं-गवत मिसळलेलं, तरी तिलाही चोरांनी सोडलं नाही. अंडी-पिलं पाण्यात आणि घरटं पोत्यात. ह्या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेच्या भाऊ काटदरे आणि त्यांच्या मंडळींनी हा चोरटा धंदा उघडा पाडला आणि वनखात्याबरोबर राखण सुरू केली. भर समुद्रातल्या खडकावर राखण! मी एकदा उडी मारून गुडघा फोडून घेतला, तेवढ्यावरूनही मला तिची किंमत कळते.

"तिथे तुमच्याआधी कुणी गेलं होतं का?" थोरलीने विचारलं. तिला नेहमी पहिला कोण ते हवं असतं.

गेले होते की. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली १९४०च्या सुमारास गेले आणि तिथल्या पाकोळ्यांवर आणि सुरयांवर त्यांनी लिहिलं. सुरय म्हणजे समुद्रावरचे ते निमुळत्या पंखांचे, दुभंगलेल्या शेपटीचे पक्षी. वर्षभर पाण्यावर हिंडतात आणि उन्हाळा चढला की अंडं घालायला ह्या खडकांवर येतात. आम्ही गेलो तेव्हा दोन-चारच, जागा बघायला आलेल्या भाडेकरूंसारखे घिरट्या घालत होते.

आणि त्यांच्याही आधी गेला होता अ‍ॅलन ह्यूम. तोच, ज्याने १८८५ साली काँग्रेस काढली. तुमच्या पुस्तकात त्याचं एवढंच येतं, पण हा गृहस्थ तुमच्या जयपूरचा निम्मा शेजारी. मिठावरच्या जकातीचा तो मोठा अधिकारी होता आणि जयपूर-जोधपूरच्या सांभर सरोवराचं मीठ इंग्रजांच्या हाती यावं म्हणून चाललेल्या वाटाघाटीत त्याचा हात होता. मागल्या हिवाळ्यात आपण रोहित पाहायला गेलो ते सांभर. जकातीच्या नावाखाली ह्याचे सगळे डोळे पक्ष्यांवर. त्याच्या हाताखालचा अ‍ॅडम नावाचा माणूस सांभरला बसून पक्ष्यांची यादी करी आणि ह्यूम ती आपल्या पक्ष्यांवरच्या नियतकालिकात छापी. १८७५ साली ह्यूम स्वतः बोटीने पश्चिम किनारा आणि लक्षद्वीप हिंडला, त्यात आपले जळके खडक आले. ह्या माणसाने हजारो पानं टिपणं लिहिली, हिंदुस्थानच्या पक्ष्यांचा मोठा ग्रंथ करायचा म्हणून. १८८३ साली सिमल्याला परत येऊन बघतो तर काय, नोकराने ते कागद रद्दीत विकलेले. बाजारात त्यांच्या पुड्या झाल्या असतील. कोणा पाकोळीच्या टिपणात कुणी जिरं बांधून नेलं असेल, देव जाणे. ह्यूमचं मनच उडालं. ऐंशी हजारांवर पक्षी त्याने जमवले होते, ते सगळे लंडनच्या संग्रहालयाला देऊन तो मोकळा झाला.

तेवढ्यात कंदिलाची वात फडफडली. तेल संपत आलं होतं आणि बाटली खाली, जिन्याखालच्या कोनाड्यात. "मी आणतो," धाकटा म्हणाला, "विजेरी नको." मला कळलं हा काय करणार. मीही काही बोललो नाही.

तो जिन्यात शिरला आणि लगेच आवाज यायला लागला. टक्-टक्. जीभ टाळ्याला आपटत चालला होता. टक्-टक्-टक्. वळणापाशी चुटक्या भराभर झाल्या, थोरली माझ्याकडे पाहून हसली. मग एकदम धाडकन आवाज झाला, भरलेली बालदी जिन्यावरून घरंगळत गेली, आणि सूनबाईंनी स्वयंपाकघरातून जयपुरी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत चौकशी केली.

खालून ओला आवाज आला, "आजोबा, भिंत कळली! बालदी नाही कळली!"

"पाकोळीच्या गुहेत बालदी नसते रे," मी म्हटलं. "तेल आण."