हवाई अंतर व प्रवासकाल : बुलढाणा जिल्हा

भूपृष्ठावरील दोन स्थळांमधील लघुतम अंतरास हवाई अंतर म्हणतात. पृथ्वी गोलाकार असल्याने ते बृहद्‌वृत्ताच्या कंसावर मोजतात; दोन्ही स्थळांचे अक्षांश व रेखांश ज्ञात असल्यास ते गणिताने काढता येते. वैमानिकी व्यवहारात ते सागरी मैलांत देतात (१ सागरी मैल = १·८५२ किमी.). या अंतरास विमानाच्या वेगाने भागले की प्रवासकाल मिळतो, हा समज मात्र अपुरा आहे.

मुंबई व नागपूर येथील विमानतळांमधील हवाई अंतर सु. ६८५ किमी. आहे. ताशी ८०० किमी. वेगाने ते सु. ५१ मिनिटांत कापले जावे, प्रत्यक्षात सु. दीड तास लागतो. धावपट्टीपर्यंतची चाल, उंची गाठणे, नेमून दिलेल्या मार्गावरील वळणे व उतरण्यापूर्वीची प्रतीक्षा यांत उरलेला वेळ जातो. अंतर जितके थोडे, तितका हा वेळ अधिक जाणवतो.

ही रेषा बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागावरून जाते. जिल्ह्यात मात्र नियमित प्रवासी विमानसेवा नाही. बुलढाणा शहरापासून मुंबई हवाई अंतराने सु. ३८० किमी., म्हणजे हिशेबाने अर्ध्या तासाच्या उड्डाणाची. त्यासाठी आधी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) गाठावे लागते. तेथवरचे हवाई अंतर सु. ११० किमी., तर रस्त्याने सु. १५० किमी. आहे. रस्त्याचे सु. तीन तास, विमानतळावरील प्रतीक्षा, तासाभराचे उड्डाण व मुंबईतील वाहतूक यांची बेरीज केल्यास मलकापूरहून रात्रीच्या रेल्वेगाडीने जाणाऱ्याच्या तुलनेत फारसा वेळ वाचत नाही.

रेल्वेही सर्वांच्या जवळ नाही. मुंबई–नागपूर लोहमार्ग उत्तरेकडील पूर्णा खोऱ्यातून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जातो. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर असून तेथून मलकापूर सु. ४५ किमी. दूर आहे. जलंब–खामगाव ही आखूड शाखा १८७० मध्ये मुख्यत्वे कापसाच्या वाहतुकीसाठी सुरू झाली. घाटावरील तालुक्यांना उपयोगी पडेल अशा खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी अनेक दशकांची आहे.

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाने हा हिशेब काहीसा बदलला. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याची लांबी ७०१ किमी., म्हणजे वरील हवाई अंतराहून किंचितच जास्त आहे; तथापि हा मार्ग भिवंडीजवळील आमणे येथेच संपत असल्याने ही तुलना तंतोतंत नव्हे. वेगाबरोबर धोकाही आला. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा येथे खाजगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. मेहकर व सिंदखेड राजा हे भाग या मार्गालगत आले असले, तरी जळगाव जामोद व संग्रामपूर या उत्तरेकडील तालुक्यांना आजही रेल्वेच अधिक जवळची आहे.