पुन्हां न घडणारा क्षण

कर्जत परिसरांत नितीन देसाई यांनीं २००५ सालीं उभारलेल्या स्टुडिओंत एखादें दृश्य फसलें, तर तें पुन्हां घेतां येतें. जवळच खालापूर तालुक्यांत महड येथील वरदविनायकाचा माघी उत्सव मात्र कॅमेऱ्यासाठीं थांबत नाहीं. चालू प्रसंगाचें चित्रण करणाऱ्याची खरी कसोटी हीच.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें कुस्तीचें चित्रण केलें. फिल्म धुण्यासाठीं विलायतेस पाठवावी लागली. ती परत येईपर्यंत कुस्ती चित्रांत उतरली कीं नाहीं, हें कळण्यास मार्ग नव्हता.

आज चित्र तत्काळ दिसतें. धोका मात्र टळलेला नाहीं. पुष्कळ कॅमेऱ्यांत चित्रण थांबवितांना कार्डावर एक अनुक्रमणिका लिहिली जाते. तत्पूर्वीं बॅटरी संपली, तर पुस्तकाचीं पानें शाबूत, पण क्रम लावणारें कांहीं नाहीं, अशी अवस्था होते व फाइल उघडत नाहीं. अशा वेळीं त्याच कार्डावर पुन्हां चित्रण करणें घातक. नवीं पानें जुन्यांवर लिहिलीं जातात. कार्ड बाजूस ठेवल्यास जाणकार मनुष्य पुष्कळदां तें चित्रण परत मिळवूं शकतो.

म्हणून बॅटरी संपण्यापूर्वींच चित्रण थांबवून ती बदलावी, दोन कार्डांची सोय असल्यास दोहोंवर एकदम चित्रण करावें, आणि घरीं येतांच दुसरी प्रत करावी. लग्नांत आशीर्वाद देणारे वडीलधारे पुढच्या वर्षीं असतीलच असें नाहीं. यंत्राची काळजी ही अखेर त्यांची आठवण जपण्याचीच काळजी होय.