बसते म्हणून चालते, असे नाही

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली उतरणाऱ्या वस्तूंत हल्ली एक नवी भर पडली आहे. पितळी समई, मोडका स्टोव्ह आणि कॅरम बोर्ड यांच्या जोडीला एक पुठ्ठ्याचे खोके निघते आणि त्यात जुना व्हिडिओ गेम असतो. नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत टीव्हीपुढे मारिओ खेळत बसलेली मुले आज स्वतः आई-बाबा झाली आहेत. आपल्या मुलांना तो खेळ दाखवावा, असे त्यांना फार वाटते. खोक्यात यंत्र असते, दोन रिमोट असतात, दोन-चार कॅसेट असतात. नसतो तो फक्त एलिमिनेटर. मग घरातला कुठला तरी अडॅप्टर उचलला जातो, पिन चपखल बसते, बटण दाबले जाते आणि पुष्कळदा सगळे तिथेच संपते.

माझी बरीच वर्षे दुरुस्तीच्या टेबलामागे गेली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. या जुन्या खेळांत अडॅप्टर बाहेरून सारखे दिसतात आणि आतून वेगळे असतात. कॅसेटचे नेमके उलट असते. त्या बाहेरून वेगळ्या दिसतात आणि आत पुष्कळदा एकच खेळ असतो.

आधी अडॅप्टरचे पाहू. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले. आपल्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी जी यंत्रे विकली गेली, ती याच घराण्यातली. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतात आणि पिनेच्या मधल्या भोकात उणे टोक असते. आपल्या घरात इंटरनेटच्या डबीला जो अडॅप्टर असतो, तो बहुधा १२ व्होल्टचा आणि मध्ये अधिक टोक असलेला. पिन तीच, पण वीज उलटी.

आमच्या शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ असेच एक यंत्र माझ्याकडे घेऊन आले होते. ते त्यांच्या वडिलांनी पहिल्या बोनसमधून घेतलेले. वडील आता नाहीत. लेकीला ‘कॉन्ट्रा’ दाखवायचा म्हणून त्यांनी इंटरनेटचा अडॅप्टर लावला होता. उघडून पाहिले तर कपॅसिटर फुटलेला, व्होल्टेज रेग्युलेटर जळालेला. हे दोन्ही भाग काही रुपयांत मिळतात, ते मी बदलले. पण डांबराच्या थेंबासारख्या काळ्या ठिपक्याखाली असलेली मुख्य चिपच गेली होती, आणि ती काही बदलता येत नाही. “काही तरी करा ना, काका,” असे ते दोनदा म्हणाले. माझ्या हातात काही नव्हते.

अमेरिकेहून पाहुण्यांनी आणलेल्या यंत्रांची तऱ्हा आणखी निराळी. तिथे १९८५ साली हेच यंत्र एनईएस या नावाने आले. त्याचा अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण एसी देणारा, कारण एसीची डीसी करण्याची सोय यंत्राच्या पोटातच केलेली आहे. फॅमिकॉममध्ये ती सोय नाही. म्हणजे निन्टेंडोचाच अडॅप्टर निन्टेंडोच्याच यंत्राला लावला, पिन बरोबर बसली, तरी फॅमिकॉम बिघडू शकते. सेगाच्या मेगा ड्राइव्हचेही तसेच. पहिल्या यंत्रात मध्ये उणे, दुसऱ्यात पिन लहान केली आणि मध्ये अधिक आणले. तेव्हा कंपनीचे नाव पाहून अडॅप्टर निवडू नये.

व्होल्ट आणि अँपिअर यांचा घोळही कायमचा. व्होल्ट म्हणजे टाकीतल्या पाण्याचा दाब. तो ठरलेलाच हवा. अँपिअर म्हणजे टाकी किती पाणी पुरवू शकते ते. ते जास्त असले तर बिघडत नाही, कारण यंत्र हवे तेवढेच ओढते. चिपला शेवटी ५ व्होल्टच लागतात. वरचे व्होल्ट रेग्युलेटर उष्णतेच्या रूपाने फेकून देतो. अर्धा अँपिअर वीज ओढणाऱ्या यंत्राला १० व्होल्ट दिले तर अडीच वॅट उष्णता होते, १२ दिले तर साडेतीन. एवढ्याशा भागाला हा फरक सोसत नाही.

आता कॅसेटकडे वळू. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकन कॅसेटला ७२. आवाजाच्या दोन कमी केल्या, विस्तारासाठी दहा वाढवल्या आणि चार कुलपासाठी. हे कुलूप म्हणजे एक छोटी चिप. कॅसेटमधली चिप आणि यंत्रातली चिप यांची ओळख पटली तरच खेळ सुरू राहतो. अमेरिकेत १९८३ साली व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. त्यानंतर आपल्या यंत्रावर कोणाचे खेळ चालावेत, हे निन्टेंडोला आपल्या हातात ठेवायचे होते. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काही अमेरिकन कॅसेटींच्या आत जपानी सर्किटच एका जोडपट्टीवर बसवलेले आढळते. फॅमिकॉमला कुलूप नव्हते, म्हणून तर आपल्याकडे ‘९९९९९९ खेळ एकात’ अशा कॅसेट खुशाल चालल्या. त्यात तेच डझनभर खेळ पुन्हा पुन्हा यायचे, ही गोष्ट वेगळी!

याहून ठळक उदाहरण गेम पार्लरमधले. एसएनके कंपनीने १९९० साली निओ जिओ काढले. पार्लरसाठी एक यंत्र, घरासाठी दुसरे. दोन्हीत तोच खेळ, तीच चित्रे, तोच आवाज. आपण घरी आहोत की पार्लरमध्ये, हे यंत्र स्वतःच खेळाला सांगते आणि त्याप्रमाणे नाणी मोजायची की नाही, ते ठरते. पण कॅसेटचा आकार आणि पिनांची मांडणी मुद्दाम वेगळी. अमेरिकेत घरच्या कॅसेटला सुमारे २०० डॉलर पडत. पार्लरवाल्याची कॅसेट घरी चालू नये, यात कोणाचा फायदा होता, ते सांगायला नको.

पार्लरच्या कपाटात विजेचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे पॉवर सप्लाय एका कोपऱ्यात आणि सर्किट दुसऱ्या. लांब, जुन्या वायरीत वाटेतच वीज गळते. सप्लायपाशी ५ व्होल्ट असले तरी सर्किटपाशी कमी पडतात आणि ऐन रंगात खेळ बंद होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणून व्होल्ट नेहमी सर्किटपाशी मोजावेत. घरच्यांनी मात्र अशा कपाटाच्या वाटेला जाऊ नये. त्यातल्या जुन्या पडद्याच्या नळीत बंद केल्यावरही जीवघेणी वीज साठलेली असते.

तेव्हा खोके उघडल्यावर घाई करू नका. यंत्राच्या पोटावर व्होल्ट आणि गोलाची खूण छापलेली असते, ती वाचा. खूण पुसली असेल तर जाणकाराला विचारा आणि अडॅप्टर मल्टीमीटरने तपासून घ्या. यंत्र जपानहून आले असेल, तर त्याचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत तो थेट लावू नका. कॅसेटीत फुंकर मारू नका. तोंडाच्या ओलाव्याने पिना गंजतात. कोरड्या, स्वच्छ कापडाने त्या हलकेच पुसा. आणि योग्य अडॅप्टर मिळाला, की एका चिठ्ठीवर ‘इतके व्होल्ट, मध्ये उणे’ असे ठळक अक्षरात लिहून ती यंत्रालाच चिकटवा. पुढच्या वेळी हे खोके कदाचित तुमची नात उघडेल आणि तेव्हा तिला सांगायला आपण जवळ असूच असे नाही.