चंद्रावरचे डोंगर कसे मोजले?

पौर्णिमेच्या रात्री शाळेच्या अंगणात दुर्बीण लावली की मुले रांग धरतात, आणि बहुधा हिरमुसून परततात. चंद्र मोठा दिसतो, लखलखीत दिसतो. पण डोंगर कुठे आहेत? गुरुजी, दोष दुर्बिणीचा नाही, तिथीचा आहे. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर आपल्या बाजूने, अगदी समोरून पडतो. भर दुपारी नांगरटीतल्या ढेकळांची सावली दिसेनाशी होते ना, तसेच तिथे होते. डोंगर पाहायचे ते सावलीवरून.

ही गोष्ट आज सोपी वाटते. पण ती उमगायला नुसती दुर्बीण पुरली नाही. १६०९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ टॉमस हॅरियट या गणितज्ञाने सहापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून चंद्रकोर पाहिली आणि तिचे चित्र काढले. त्यात उजेड व अंधार यांची सीमारेषा खडबडीत आहे, काही काळे डाग आहेत. पण डोंगर नाहीत, विवरे नाहीत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेर इटलीतील पादुआ येथे गॅलिलिओने वीसपट शक्तीची दुर्बीण चंद्राकडे वळवली. काच अधिक चांगली होती हे खरे. परंतु गॅलिलिओला चित्रकलेची, छायाप्रकाशाची उत्तम जाण होती, आणि माझ्या मते तीच अधिक उपयोगी पडली.

त्याला काय दिसले? सीमारेषेपलीकडे, काळोख्या भागात, प्रकाशाचे सुटे ठिपके. तास-दोन तासांत ते वाढत गेले आणि उजळ भागाला येऊन मिळाले. पहाटे खाली दरीत अंधार असताना डोंगराचा माथा आधी उन्हाने उजळतो, हे आपण घाटात नेहमीच पाहतो. मग हे ठिपके म्हणजे शिखरेच!

एवढ्यावर तो थांबला नाही. असा एक ठिपका सीमारेषेपासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या भागाइतका दूर होता. चंद्राचा व्यास त्याने २,००० मैल धरला. म्हणजे हे अंतर १०० मैल. आता फळ्यावर काटकोन त्रिकोण काढा. एक बाजू चंद्राची त्रिज्या, १,००० मैल. दुसरी त्या काटकोनातून निघालेला सूर्यकिरण, १०० मैल. पायथॅगोरसच्या नियमाने कर्ण येतो जवळजवळ १,००५ मैल. त्यातून त्रिज्या वजा केली की उरते ती शिखराची उंची. गॅलिलिओने ती चार इटालियन मैलांहून अधिक सांगितली. हा अंदाज थोडा जास्तच आहे. पण चंद्रावरच्या ॲपेनाइन रांगेतील हायगेन्स शिखर पाच किलोमीटरांहून उंच आहे, हे पाहता तो फार चुकला असे म्हणवत नाही. पृथ्वीवरचे डोंगर मात्र जेमतेम मैलभर उंच असतील, असे तो समजत होता. हिमालयाची उंची त्याला कोण सांगणार?

मार्च १६१० मध्ये व्हेनिसला त्याचे पुस्तक निघाले आणि वाद पेटला. आकाशातील गोल निर्दोष व गुळगुळीत असतात, ही ॲरिस्टॉटलच्या परंपरेची शिकवण. चंद्रावरही पृथ्वीसारखे खाचखळगे निघाले, तर स्वर्ग आणि पृथ्वी यांतला भेदच डळमळीत होतो. रोममधील वृद्ध गणिती क्लाव्हियस म्हणाले, पृष्ठभाग सपाटच असेल, काही भाग दाट आणि काही विरळ असेल इतकेच. दुसऱ्या एकाने तर दऱ्याखोरी पारदर्शक स्फटिकाने भरलेली आहेत, असा तोडगा काढला. गॅलिलिओ उत्तरला, मग त्याच स्फटिकाचे दसपट उंच डोंगर आहेत, असे मीही म्हणेन!

एक आक्षेप मात्र खरा होता, आणि तो त्याने स्वतःच मांडला. डोंगर आहेत, तर चंद्राची कडा करवतीसारखी का दिसत नाही? त्याचे एक उत्तर असे की एका रांगेमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, अशा रांगांनी मधल्या खिंडी झाकल्या जातात. हे पटण्यासारखे आहे. चंद्राभोवती दाट वातावरणासारखे वेष्टन आहे, हे दुसरे उत्तर टिकले नाही.

इकडे हॅरियटने गॅलिलिओचे पुस्तक निघाल्यानंतर, १६१० मध्ये, पुन्हा चंद्र रेखाटला. या खेपेस त्याच्या चित्रांत विवरे आली!

तेव्हा गुरुजी, मुलांना शुक्ल अष्टमी-नवमीला बोलवा. साधी द्विनेत्री दुर्बीण असली तरी चालेल. फक्त ती भिंतीला किंवा खांबाला टेकवून स्थिर धरावी. चंद्राच्या मधोमध, उजेड-अंधाराच्या रेषेवर नजर ठेवायला सांगा, आणि अंधाराच्या बाजूला सुटा ठिपका कोणाला आधी दिसतो ते पाहा.