आजोळ : मुमताज महल

रेसच्या घोड्यांच्या लिलावाचा कॅटलॉग पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास चक्रावतो. विकायला असतं वर्ष-दीड वर्षाचं शिंगरू. त्यानं अजून एकही शर्यत पाहिलेली नसते. तरी त्याच्या नावे पान भरून मजकूर असतो आणि तो जवळजवळ सगळा बायकांचा. बापाची माहिती वरच्या चार ओळींत उरकलेली असते. त्याखाली 'फर्स्ट डॅम' म्हणजे आई, 'सेकंड डॅम' म्हणजे आजी, 'थर्ड डॅम' म्हणजे पणजी, अशी उतरंड पानाच्या तळापर्यंत जाते. कोण किती शर्यती जिंकली, तिला शिंगरं किती झाली, त्यांनी पुढे काय केलं, हा सारा हिशेब तिथे असतो. मोठी शर्यत जिंकलेल्याचं नाव ठळक अक्षरांत छापतात आणि जाणकाराची नजर आधी तिकडेच जाते.

नात्यांची भाषाही तशीच आहे. एका नामांकित घोड्याची पिल्लं शेकड्यांनी मोजावी लागतात, म्हणून बाप एक असला तरी त्यांना कुणी भावंडं म्हणत नाही. सावत्र भाऊ म्हणायला आई एक असावी लागते. आपल्याकडे गोत्र बापाचं लागतं. घोड्यांच्या बाजारात मात्र आधी आजोळ विचारतात. 'खाण तशी माती' ही म्हण तिथे अक्षरशः पैसे मोजून पाळली जाते.

पण घोडी आयुष्यभरात शिंगरं देते दहा-बारा, फार तर पंधरा. एवढ्याशा गोतावळ्यातून तिचा ठसा शंभर वर्षं कसा टिकतो? एकच घोडी घेऊन तिच्या मागे पिढी-पिढी चालत गेलं, तर ते नीट दिसतं.

९,१०० गिनींची शिंगरी

ही घोडी १९२१ साली इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या स्लेडमिअर स्टडवर जन्मली. बाप द टेट्रार्क, करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेला आणि कधीच न हरलेला. आई लेडी जोसेफिन, तीही वेगवान. १९२२ च्या डॉनकॅस्टर लिलावात या करड्या शिंगरीवर ९,१०० गिनींची बोली लागली. बोली लावणारे होते प्रशिक्षक जॉर्ज लँबटन, आणि ती ज्यांच्यासाठी लावली ते होते तिसरे आगाखान. जन्म कराचीचा, बालपण मुंबई-पुण्यातलं. पुण्यात नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस बांधणारे ते हेच. शिंगरीला त्यांनी शहाजहानच्या बेगमेचं नाव दिलं : मुमताज महल.

दोन वर्षांची असताना तिनं रॉयल अ‍ॅस्कॉटची क्वीन मेरी स्टेक्स दहा लेंग्थनी (म्हणजे दहा घोड्यांच्या लांबीनं) जिंकली आणि 'फ्लाइंग फिली' हे नाव तिला कायमचं चिकटलं. तिसऱ्या वर्षी तिची मर्यादाही कळली. एक मैलाच्या 'वन थाउजंड गिनीज'मध्ये ती दुसरी आली. पुन्हा पाच-सहा फर्लांगांवर आणल्यावर मात्र तिनं गुडवुडची किंग जॉर्ज स्टेक्स आणि यॉर्कची ननथॉर्प जिंकली. एकूण दहा शर्यती, सात विजय. वेग अफाट, दम कमी. हा स्वभाव लक्षात ठेवायला हवा, कारण पैदाशीचा पुढचा सगळा डाव त्याच्याभोवती रचला गेला.

घोडीचा हिशेब, घोड्याचा हिशेब

घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच शिंगरू देते. म्हणजे जमलं तर वर्षाला एक. एखादं वर्ष रिकामंही जातं. रेसच्या घोड्यांच्या थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. प्रत्यक्ष संयोग झालेला नसेल, तर स्टडबुकात नोंद होत नाही. तरीही आजच्या काळात मागणी असलेला स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा, एका हंगामात शंभरावर घोड्या सहज फळवतो. घोडीला जे साधायला दहा जन्म लागतील, ते तो एका हंगामात करतो.

म्हणून घोडीचा ठसा दोन वाटांनी पुढे जातो. पहिली वाट मुलींची. ती संथ असते. मुलीला मुलगी, तिला मुलगी, असं घराणं घरातच राहतं. दुसरी वाट नातवांची. मुलीच्या पोटी एखादा मोठा घोडा जन्मला आणि तो स्टॅलियन म्हणून उभा राहिला की आजीचा वाटा शेकडो तबेल्यांत एकदम पोचतो. मुली साठवतात आणि नातू वाटतात. एकच वाट असेल, तर एकतर घराणं आटतं किंवा विरून जातं. मुमताज महलला दोन्ही मिळाल्या.

तीन मुली

आगाखानांच्या पैदाशीचं सूत्र होतं की वेग घोडीचा आणि दम घोड्याचा. मुमताज महलला त्यांनी लांब पल्ल्याच्या विजेत्यांकडे पाठवलं. तिहेरी मुकुट जिंकलेल्या गेन्सबरोपासून १९२८ साली माह महल झाली. १९३० चा डर्बी-विजेता ब्लेनहाइम, त्याच्यापासून १९३२ साली मुमताज बेगम. रुस्तम पाशापासून १९३४ साली रुस्तम महल.

माह महलचा मुलगा महमूद. त्याचा बापही ब्लेनहाइमच. १९३६ साली त्यानं एप्सम डर्बी २ मिनिटं ३३.८ सेकंदांत जिंकली आणि तो विक्रम १९९५ पर्यंत मोडला नाही. ज्या आजीला एक मैल जड गेला, तिचा नातू दीड मैल धावला, तोही विक्रमी वेळेत. वेग आणि दम जुळवण्याचा डाव साधला होता. १९४० साली महमूद अमेरिकेला गेला.

मुमताज बेगमचा मुलगा नसरुल्ला, जन्म १९४०. पळताना लहरी, पण पैदाशीत अजोड. तोही आयर्लंडमार्गे अमेरिकेतल्या केंटकीत पोचला आणि १९५५ ते १९६२ या काळात पाच वेळा तिथला अव्वल स्टॅलियन ठरला. १९७३ साली अमेरिकेचा तिहेरी मुकुट जिंकणारा सेक्रेटरिएट हा नसरुल्लाच्या मुलाचा, बोल्ड रूलरचा, मुलगा. मुमताज बेगमची मुलगी सन प्रिन्सेस, तिचा मुलगा रॉयल चार्जर. त्याचाही वंश अमेरिकेत फोफावला.

रुस्तम महल शर्यतीत कधी उतरलीच नाही, पण तिच्या पोटी अबरनँट झाला. करडा, पाच फर्लांगांचा बादशहा. त्यानं सतरापैकी चौदा शर्यती जिंकल्या. त्यात १९४९ आणि १९५० ची ननथॉर्प होती, पंचवीस वर्षांपूर्वी आजीनं जिंकलेली तीच शर्यत.

वाटा किती, आणि कशाचा?

'रक्त' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. प्रत्यक्षात वारसा तीन निरनिराळ्या रस्त्यांनी येतो आणि प्रत्येक रस्त्याचे नियम वेगळे आहेत.

पहिला रस्ता सर्वसाधारण गुणसूत्रांचा. घोड्यात गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात. त्यांतल्या ३१ जोड्यांपैकी प्रत्येकीतलं एक आईकडून येतं आणि एक बापाकडून. त्यामुळे पूर्वजाचा सरासरी वाटा दर पिढीला निम्मा होतो. नसरुल्लात आजीचा वाटा एक चतुर्थांश. महमूदची मुलगी अल्महमूद, तिची मुलगी नताल्मा आणि नताल्माचा मुलगा नॉर्दर्न डान्सर, म्हणजे १९६४ ची केंटकी डर्बी जिंकलेला कॅनडाचा घोडा. मुमताज महल त्याची पाचव्या पिढीची पूर्वज. वाटा १/३२.

हा आकडा असाच घटत शून्याकडे गेला असता. पण जुनी नावं वंशावळीत पुन्हा भेटतात. नताल्माची सावत्र बहीण कॉस्मा, तिचा मुलगा हेलो. त्याच्या आईकडून महमूद येतो आणि बापाकडून रॉयल चार्जर. मुमताज महल आईकडून पाचव्या पिढीत आणि बापाकडून सहाव्या पिढीत : १/३२ अधिक १/६४, म्हणजे ३/६४. दोन बहिणींच्या वाटा फिरून एकत्र आल्या. याच हेलोचा मुलगा संडे सायलेन्स जपानला गेला आणि १९९५ पासून सलग तेरा वर्षं तिथला अव्वल स्टॅलियन राहिला.

दुसरा रस्ता एक्स गुणसूत्राचा. घोडीकडे दोन एक्स असतात, घोड्याकडे एक एक्स आणि एक वाय. मुलाला एक्स मिळतं ते फक्त आईकडून, आणि तो ते जसंच्या तसं आपल्या प्रत्येक मुलीला देतो. पण मुलाला मात्र देत नाही. म्हणून ज्या वाटेवर बाप-मुलगा लागोपाठ येतात, तिथे हा रस्ता तुटतो. सेक्रेटरिएटच्या बाजूला नसरुल्ला-बोल्ड रूलर अशी बाप-लेकाची जोडी आहे. मुमताज महलचं एक्स त्या वाटेनं पुढे जाऊच शकत नव्हतं. नॉर्दर्न डान्सरच्या बाजूला मुमताज महल, माह महल, महमूद, अल्महमूद, नताल्मा असा क्रम लागतो. यात लागोपाठ दोन नर नाहीत, म्हणून रस्ता उघडा राहतो. आईच्या बापाला पैदास करणारे एवढं महत्त्व देतात, त्याला असा आधार आहे.

तिसरा रस्ता निव्वळ आयांचा. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. तो फक्त आईकडून येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच राहतो. इथे निम्मं होणं नाही. पण मुलगा झाला की ही वाट तिथेच संपते. नसरुल्लाकडे हा वारसा होता; त्याच्या एकाही पिल्लाकडे गेला नाही.

हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. एक गोष्ट मात्र दिसते, ती म्हणजे रंग. करडा रंग एका प्रभावी जनुकामुळे येतो, म्हणून करड्या घोड्याच्या आईबापांपैकी एक तरी करडा असावाच लागतो. एकदा साखळी तुटली की रंग त्या शाखेत आपोआप परतत नाही. माह महलला तो मिळाला आणि तिच्याकडून महमूदला. मुमताज बेगमला मिळाला नाही, म्हणून नसरुल्ला तांबूस-तपकिरी. आजीचा रंग हरवला आणि तरी तिचा सगळ्यात मोठा वाटप्या तोच ठरला. दिसणारा वारसा आणि टिकणारा वारसा एकच असतो असं नाही.

श्रेय जपून द्यावं

इथे थोडं थांबायला हवं. चांगल्या घोडीला चांगलाच घोडा मिळतो, चांगला तबेला मिळतो, चांगला प्रशिक्षक मिळतो. तिच्या लेकींना हरल्यावरही दुसरी संधी मिळते. साध्या घोडीच्या लेकीला ती मिळत नाही. त्यामुळे घराण्याच्या यशात जनुकं किती आणि संधी किती, हे वेगळं काढणं कठीण असतं.

शिवाय वंशावळीत दुसरीही नावं असतात. थरोब्रेडच्या वेगाशी जोडलेला मायोस्टॅटिन जनुकाचा प्रकार २०१० मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी दाखवला. २०१२ च्या पुढच्या अभ्यासानं त्याचा आधुनिक काळातला प्रसार नॉर्दर्न डान्सरच्या बापाकडे, निअरक्टिककडे, नेऊन जोडला. म्हणजे नॉर्दर्न डान्सरचा सगळा वेग मुमताज महलच्या खात्यावर मांडता येत नाही. गंमत अशी की त्याच अभ्यासानुसार तो प्रकार या जातीत मुळात शिरला तो सुमारे तीनशे वर्षांपूर्वी, बहुधा ब्रिटनमधल्या एका स्थानिक, निनावी घोडीकडून. शोध घेत गेलं की पुन्हा एक आईच भेटते.

एका लेकीवर

नातवांची वाट जगभर पसरली. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आज पळणाऱ्या घोड्याची वंशावळ पुरेशी मागे नेली, तर नसरुल्ला किंवा नॉर्दर्न डान्सर भेटला नाही असं क्वचितच होईल. मुलींची एक वाट मात्र आगाखानांच्याच घरात राहिली आणि ती किती नाजूक असते हेही तिथेच दिसलं.

माह महलची मुलगी माह इराण, तिची मुलगी स्टार ऑफ इराण, तिची मुलगी पेटीट एट्वाल. चौघीही करड्या. पेटीट एट्वालनं १९५९ साली वन थाउजंड गिनीज आणि ओक्स दोन्ही जिंकल्या. अशा घोडीकडून काय काय अपेक्षा असणार! पण पैदाशीत ती वर्षानुवर्षं निराशच करत राहिली. शेवटी, वय बरंच झाल्यावर, तिला झहरा झाली. या शाखेचं पुढचं सगळं त्या एका शिंगरीवर उभं राहिलं. झहराची मुलगी झारना, तिची झारकाना, तिची झारकाशा आणि तिची झारकावा.

२००८ साली पॅरिसला लाँगशाँवर झारकावानं 'आर्क' ही मानाची शर्यत जिंकली आणि सातपैकी सात विजय घेऊन ती निवृत्त झाली. २,४०० मीटरची ती शर्यत मुमताज महलला झेपली नसती. झारकावाचा रंगही करडा नव्हता, आणि या सरळ वाटेनं येणारा वाटा सरासरी ५१२ मध्ये एक एवढाच. पण तिच्या प्रत्येक पेशीत ऊर्जा पुरवणारी ती छोटीशी शिदोरी नऊ आयांच्या हातून, मध्ये कुठेही निम्मी न होता, आलेली होती. झारकावाच्या पानावर पणजीच्याही आईच्या जागी झहराचं नाव येतं. लिलावातल्या पानाचा तळ वाचायचा तो यासाठी. त्या जागी शिंगरीऐवजी शिंगरा जन्मला असता, तर तिच्यावरच्या तिन्ही आयांच्या ओळी लिहिल्याच गेल्या नसत्या.