'संकटी' की 'संकष्टी'? आरतीतले शब्द आपल्याला भलतेच का ऐकू येतात?

हार्बर लाईनवर 'रे रोड' हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय. 'अरे'मधला 'रे'. गाणं शिकणाऱ्याला कदाचित रिषभ आठवेल. प्रत्यक्षात हा 'रे' म्हणजे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड रे. स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना आहे. तिथं गुत्ता शोधायला जाऊ नका, ती दारू दारूगोळ्यातली. आणखी पुढे, शिवडीच्या बाजूला 'हे बंदर' आहे. 'हे' म्हणजे कुठलं? तर इंग्रजीतलं 'हे', म्हणजे वाळलेलं गवत.

अनोळखी शब्द कानावर पडला की आपण त्याला ओळखीचा अर्थ चिकटवून मोकळे होतो. गाण्यांच्या बाबतीत तर हे सर्रास होतं. 'कुर्बानी'तल्या (१९८०) नाझिया हसनच्या गाण्यातला 'बात' कित्येकांनी 'बाप' असा ऐकला आणि त्यावर पिढ्यानपिढ्या विनोद झाले. पण मराठीत सगळ्यात जास्त लोकांना पाठ असलेलं गाणं कोणतं असं विचारलंत, तर माझं उत्तर फिल्मी नसेल. ते 'सुखकर्ता दुःखहर्ता' असेल. आणि भलतं ऐकू येण्याचा विक्रमही त्याच आरतीच्या नावावर असावा.

दर भाद्रपदात व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरते. 'संकष्टी' नाही, 'संकटी' म्हणा. 'फळीवर वंदना' नाही, 'फणिवरबंधना'. 'ओटी' नाही, 'उटी'. 'सजणा' नाही, 'सदना'. खाली हसून लोळणारे इमोजी, आणि बहुतेक वेळा 'आजकाल मराठीच कुणाला येत नाही' असा शेरा.

शेरा मारणाऱ्यांनी एकदा अक्षरं मोजून बघावीत. फ-णि-व-र-बं-ध-ना: सात. फ-ळी-व-र-वं-द-ना: सात. संकटी तीन, संकष्टी तीन. सदना आणि सजणा, दोन्ही तीन. उटी आणि ओटी, दोन-दोन. म्हणजे चुकणाऱ्यानं चाल कुठेच मोडलेली नाही. टाळी जिथं पडायची तिथंच पडते. म्हणूनच शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही फरक कळत नाही आणि चूक वर्षानुवर्षं टिकते.

आता अर्थ बघा. फणी म्हणजे नाग. फणिवरबंधना म्हणजे ज्यानं श्रेष्ठ नाग कमरेला बांधला आहे असा. हा शब्द तुम्ही रोजच्या बोलण्यात शेवटचा कधी वापरला होता? कधीच नाही. मग मेंदू काय करतो? 'ण'च्या जागी त्याच्या जवळचा 'ळ' घेतो, 'बंधना'चं 'वंदना' करतो आणि हाताशी असलेला शब्द बसवतो. तो शब्दही उगाच आलेला नाही. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. अशा खोलीत वेगळं देवघर कुठून येणार? देव भिंतीवरच्या फळीवरच असतात. त्या फळीसमोर हात जोडून उभ्या असलेल्या मुलाला 'फळीवर वंदना' ऐकू आलं, तर ते त्याच्या डोळ्यांसमोरचंच दृश्य आहे.

'ओटी'चंही तसंच. उटी म्हणजे अंगाला लावलेला लेप. चंदनाची उटी देवळात पाहिलेल्यांना हा शब्द माहीत असतो. पण ओटी घरोघरी भरली जाते, त्यामुळे कान तिकडेच वळतो. 'सदना' म्हणजे घरी. तिथं रामाचा दास, म्हणजे रामदासांची नाममुद्रा, देवाची वाट पाहतो आहे. त्याचा 'सजणा' झाला की आरतीची एकदम लावणी होते. (हे मात्र कबूल करावं लागेल, हसू येतंच.) पण हिंदी आणि मराठी सिनेमांनी 'सजणा' आपल्या कानात इतक्या वेळा ओतलाय, की 'वाट पाहणं' आलं की पुढचा शब्द मेंदू स्वतःच टाकतो.

याला नाव काय?

इंग्रजीत याला 'मॉन्डेग्रीन' म्हणतात. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेनं १९५४ साली 'हार्पर्स मॅगझिन'मध्ये हा शब्द पहिल्यांदा वापरला. लहानपणी तिची आई तिला एक जुनं स्कॉटिश कथागीत वाचून दाखवायची. त्यात एका सरदाराला मारून हिरवळीवर टाकतात. 'हिरवळीवर टाकलं' याचे इंग्रजी शब्द तिला 'लेडी मॉन्डेग्रीन' असे ऐकू आले, आणि सरदारासोबत एक बाईही मेली असं ती कित्येक वर्षं समजत होती. त्या नावातलं 'ग्रीन' म्हणजे मोकळं हिरवं मैदान. रे रोडनंतरचं स्टेशन कॉटन ग्रीन, त्यातलंही ग्रीन हेच.

हे कसं घडतं, याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञानं एका ध्वनिमुद्रित वाक्यातला एक आवाज कापून तिथं खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना वाक्य पूर्णच वाटलं. नसलेला आवाज त्यांच्या मेंदूनं भरून काढला होता. आता खोकल्याच्या जागी झांजा, टाळ्या, ढोलकी आणि मंडळाचा फाटका लाऊडस्पीकर ठेवा. शिवाय गाताना दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. शब्द कुठे संपला हे ऐकणाऱ्यानंच ठरवायचं असतं.

मग चूक कोणाची?

मला विचाराल तर यादीतला पहिलाच शब्द गडबड करतो. 'संकष्ट' म्हणजेही मोठं कष्ट, संकट. गणपतीचं जे स्तोत्र अनेक घरांत म्हटलं जातं, त्याचं नावच 'संकष्टनाशन' आहे. तेव्हा 'संकष्टी' म्हणणारा माणूस संकष्टी चतुर्थी डोक्यात ठेवून म्हणत असला, तरी अर्थापासून फार लांब गेलेला नाही. 'फणिवरवंदना' असा पाठही काही छापील पुस्तकांत सापडतो. म्हणजे ज्याला आपण 'शुद्ध' म्हणतो तिथेही एकमत नाही. शतकानुशतकं तोंडी चालत आलेल्या रचनेत पाठभेद असणारच.

आणि ही आरती कागदावरून पसरलेली नाही. १८९३ मध्ये गिरगावात केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणपती बसला, १९३४ मध्ये लालबागचा राजा. गिरण्यांत आणि गोदीत काम करायला कोकणातून, घाटावरून, तेलंगणातून, उत्तरेतून आलेली माणसं या मंडपांत उभी राहिली. त्यातल्या अनेकांना, विशेषतः बायकांना, वाचता येत नव्हतं. कुणाची मातृभाषाच वेगळी होती. त्यांनी आरती पुढच्या माणसाच्या आवाजावरून उचलली आणि मुलांना दिली. त्या आजीच्या 'फळीवर'वर हसणारा नातू, ती आरती तिच्याच तोंडून शिकलेला असतो.

योग्य शब्द सांगू नये असं नाही. फणिवरबंधनाचा अर्थ कळला की पोटाला नाग बांधलेला गणपती डोळ्यांसमोर येतो, त्याची मजा वेगळीच. पण तो सांगायचा, तर अर्थासकट सांगावा. नुसता लाल फुलीचा फोटो पाठवून तो कळत नाही.

ज्यांना स्वतःची परीक्षा घ्यायची आहे त्यांनी 'घालीन लोटांगण' घ्यावं. ते एक गाणं नाहीच. सुरुवात मराठी, मग संस्कृत. 'कायेन वाचा' हा भागवताच्या अकराव्या स्कंधातला श्लोक, 'अच्युतं केशवं' शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अष्टकातलं. मधे 'मनसेंद्रियैर्वा' असा एक शब्द येतो. तो फोडला तर मनसा, इंद्रियैः, वा: मनानं किंवा इंद्रियांनी. नेमकी तिथंच टाळ्यांची लय दुप्पट झालेली असते, आणि त्या जागेवर कोण काय म्हणतंय हे शेजारच्यालाही ऐकू जात नाही.