आकडा वहीत उतरवण्यापूर्वी

चुन्याची निवळी दुधाळ झाली की कार्बन डायऑक्साइड आहे, एवढे शाळेत पूर्वीपासून कळत आले. किती आहे, हे मात्र निवळी सांगत नसे. आता तळहातावर मावणारा वायुसंवेदक थेट आकडा दाखवतो आणि विद्यार्थी तो वहीत उतरवून मोकळे होतात. खातेवहीत आरंभीची शिल्लकच चुकली, तर पुढची प्रत्येक बेरीज बिनचूक असूनही ताळा लागत नाही. या उपकरणाचेही तसेच आहे.

हा वायू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे अवरक्त किरण शोषतो. पलीकडे किती किरण पोहोचले, यावरून संवेदक प्रमाण काढतो. आतला दिवा जुना होतो, धूळ बसते आणि आकडा हळूहळू सरकतो. म्हणून त्याला अधूनमधून ज्ञात प्रमाणाची हवा दाखवावी लागते. सुदैवाने ती विनामूल्य मिळते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दशलक्ष भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आज तो सुमारे ४२५ आहे. दुपारी, वारा खेळत असताना, रस्त्यापासून दूर मोकळ्या मैदानात उपकरण वीस मिनिटे ठेवून तो आकडा जुळवावा. पहाटेची हवा शुद्ध खरी, परंतु या कामाला निरुपयोगी. रात्रभर झाडे व माती यांनी सोडलेला वायू तेव्हा जमिनीलगत साचलेला असतो. जवळ कोणी वाकूनही पाहू नये. उच्छ्वासात हा वायू सुमारे ४ टक्के, म्हणजे दशलक्षात ४०,००० भाग असतो.

खरी फसगत होते ती स्वयंचलित दुरुस्तीमुळे. अनेक संवेदक गेल्या काही दिवसांतील नीचांकी आकडा म्हणजेच मोकळी हवा, असे गृहीत धरतात. खिडक्या बंद असलेल्या वर्गात प्रमाण कधीच ७०० च्या खाली गेले नाही, तर संवेदक त्या ७०० लाच ४०० म्हणू लागतो. कोंदट वर्ग कागदोपत्री हवेशीर ठरतो आणि खिडकी उघडण्याचे कारणच उरत नाही. अशा ठिकाणी ही सोय बंद ठेवणे इष्ट.

एकाच बिंदूवर जुळवलेले माप वरच्या टोकाला चुकू शकते. त्याची पडताळणी स्वयंपाकघरातील साहित्याने होते. पाण्याच्या वीस लिटरच्या कोरड्या जारमध्ये संवेदक व वाटीत ०.१४ ग्रॅम खाण्याचा सोडा ठेवावा, तोंड घट्ट बंद करून पिचकारीने वाटीत थोडे व्हिनेगर सोडावे. सुमारे ४० मिलिलिटर वायू निर्माण होतो. हवा मिसळल्यावर आकडा साधारण २,००० ने वाढला पाहिजे. सोडा तोलण्यास सोनाराकडे असतो तसा काटा हवा.

महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. दाबाची दुरुस्ती नसलेला संवेदक तेथे त्याच प्रमाणात कमी आकडा दाखवतो. मुंबईत जुळवलेले उपकरण सहलीला नेल्यास तेथील मैदानात ते पुन्हा जुळवून घ्यावे.